उगवणशक्ती

शंभर दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे,
दाण्याला दाणा लागू द्यायचा नाही.
कागदाची सुरळी करून वीस अंशांच्या कपाटात उभी ठेवायची.
चौथ्या दिवशी पहिली मोजणी, सातव्या दिवशी शेवटची.
सोळा वर्षं मी हेच करते, योगेवा गावात,
सातूच्या बियाण्यावर.
माझ्या सहीशिवाय इथून पोतं हलत नाही.

म्हणून तार्तूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
तुमच्या वयाला शंभरात सव्वीस,
तेव्हा मी रडले नाही. विचारलं,
नमुना केवढ्याचा घेतला होता?
त्या हसल्या. मग माझ्या कागदावर
व्यवसायाची ओळ वाचून गप्प झाल्या.

अकरा रात्री सुया.
तार्मोचे एवढाले हात, त्यात ती पेनाएवढी सुई,
माझ्यापेक्षा तोच डोळे मिटायचा.
ओटीपोटावर जांभळे डाग,
जंगलातून आणलेली बोरं कुणी बसून चिरडल्यासारखे.
शेवटची सुई मात्र बरोबर साडेदहाला हवी,
पाच मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही,
आणि त्या रात्री तो रस्त्यावरचा बर्फ काढत होता.
मी ट्रकच्या केबिनमध्ये चढले,
स्वेटर वर केला.
टपावरचा पिवळा दिवा गरागरा फिरत होता,
मागे एक दूधवाली गाडी खोळंबलेली.
तिनं हॉर्न वाजवला नाही.

छत्तीस तासांनी सिग्ने नावाची नर्स म्हणाली,
शंभरापासून उलटे मोजा.
मोजणं मला शिकवायला नको.
चौऱ्याण्णवपर्यंत पोचले.

जाग आली तर हातावर बॉलपेननं लिहिलेलं: ५.
पडद्यावर नऊ दिसले होते.
चार पिशव्यांत नुसतं पाणी.
असतं तसं, सिग्ने म्हणाली,
आणि मला चहाबरोबर काळ्या पावाचा तुकडा दिला,
वर लोणी, बोटभर जाड,
जणू लोण्यानं भरपाई होते.

दुसऱ्या दिवशी फोन:
पाचांतली चार पक्व, चारांतली तीन फळली.
मी तो हात धुतला नाही. दुसऱ्या हातानं भांडी घासली.
तिसऱ्या दिवशी फोन नाही.
चौथ्या दिवशी फोन नाही.
न विचारता कुणी पाहतं का त्यांच्याकडे रात्री?
आमच्या कपाटाकडे मी पाहते.
नियमात बसत नाही, तरी पाहते.

टक्केवारी पोत्याची असते. दाण्याची नसते.
नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी हेच सांगते.
एकदा आर्वो नावाचा म्हातारा शेतकरी आला होता,
खिशातून एकच दाणा काढून टेबलावर ठेवला:
हा उगवेल का, तेवढं सांगा.
आम्ही सगळ्या हसलो.
मी जरा जास्तच.

पाचव्या दिवशी मी तिसऱ्या सुरळीवर होते,
बासष्ट की त्रेसष्ट,
तेवढ्यात खिसा थरथरला.
एक आहे, ती म्हणाली. बरा आहे.
बाकीचे दोन थांबले.
सोमवारी या, पाणी भरपूर पिऊन या.
बरं, म्हटलं. एवढंच म्हटलं.
आकडा हुकला होता,
कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून मोजला.

सातव्या दिवशीही काही दाणे उगवत नाहीत.
चिमट्यानं दाबायचे: मऊ लागला तर मेला.
टणक लागला तर त्याला आमच्या तक्त्यात
वेगळा रकाना आहे, 'ताजा, न उगवलेला'.
आज त्यात सात लिहिले.
दवाखान्याच्या कागदावर हा रकाना
मी दोनदा शोधला.

संध्याकाळी तार्मोनं विचारलं, किती?
एक, म्हटलं.
त्यानं बुटांवरचा बर्फ झाडला,
बराच वेळ झाडत राहिला.

आणि मला उगाच आठवलं,
आम्ही हसत होतो तेव्हा आर्वोनं काय केलं ते.
काहीच बोलला नाही तो.
दाणा उचलला, परत खिशात घातला,
आणि खिशाचं बटण लावलं.